गोटीचा उंबरा

१

माझी बायको म्हणते, मी माणसांच्या तोंडाकडे कधी बघतच नाही, त्यांच्या पायाखाली बघतो. खोटं नाही. चाळीस वर्षं फरश्या बसवल्यावर नजर दुसरीकडे जाणार कुठे? एकदा एका लग्नात सगळे नवरा-नवरीला भेटायला रांगेत उभे होते आणि मी हॉलच्या कोपऱ्यात टाच आपटून कुठली फरशी पोकळ वाजते ते बघत होतो. ही तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, ती पुढचे चार दिवस थांबली नाही.

ही शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोट सैल करणं, आणि रफू तर असं की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आणि मशीनच्या पायाशी गोटी. आम्हाला मूलबाळ नाही, गोटी आहे. वय सात, उंची माझ्या पोटरीपर्यंत, एक कान उभा आणि एक पडलेला. घरात वजन सगळ्यात कमी तिचं आणि चालतं सगळ्यात जास्त तिचंच.

सकाळचा आमचा ठरलेला कार्यक्रम. मी गुडघ्याला बांधायच्या गाद्या पिशवीत टाकतो, गोटी त्यातली एक पळवते, मी "चोर, चोर" म्हणून ओरडतो, ती स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत सुसाट धावते आणि तिथे बिस्किटाचा तुकडा घेऊन मुद्देमाल परत करते. धाव बरोबर चौदा फरश्यांची. एकेक फुटाच्या करड्या फरश्या, मीच बसवलेल्या. लांबीला चौदा, रुंदीला अकरा, सांध्यात नख शिरणार नाही.

एका सकाळी ती तशीच निघाली आणि नवव्या फरशीनंतर थबकली. पुढचे पाय उचलले, पलीकडे ठेवले. मग मागचे उचलले, पलीकडे ठेवले. आणि पुन्हा धावली. तिथे काहीही नव्हतं, सपाट फरशी. पण कुत्रं उंबरा ओलांडताना जसं पाऊल टाकतं, बरोब्बर तसं तिने टाकलं होतं.

"अगं, बघितलंस का?" मी म्हणालो.

"काय?"

"गोटीने उंबरा ओलांडला."

"तुमचं आपलं काहीतरीच," ही मशीनवरून मान वर न काढता म्हणाली. "फरशीवाल्याच्या घरचं कुत्रं, त्याला उंबरे दिसणार नाहीत तर काय कोटाच्या बाह्या दिसणार?"

दुसऱ्या दिवशी मी हिला मुद्दाम उभं करून दाखवलं. गोटी आली, थबकली, चारी पाय एकामागून एक उचलले आणि गेली. ही इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या तिला.

२

आठवडाभर तो आमचा तमाशाच झाला. येईल त्याला दाखवायचा. कोट न्यायला आलेले, पँट टाकायला आलेले, सगळे टाळ्या वाजवायचे आणि गोटी शेपूट हलवून दाद घ्यायची. एका बाईंनी विचारलं, "किती दिवस लागले हो शिकवायला?" मी म्हणालो, "आम्ही नाही शिकवलं." आणि हे बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

मग एका दुपारी ती टेबलाच्या पायावर आदळली.

रोजचं टेबल, सात वर्षं त्याच जागी. ती उंबऱ्यावरून आली, मान डावीकडे तिरकी केली आणि चालत राहिली, सरळ टेबलाच्या पायात. नाक आपटलं. मागे सरकली, पुन्हा तिथेच. मी "गोटी!" म्हणून ओरडलो. कान हललासुद्धा नाही. मग ती डावीकडे वळली, एक फेरी मारली, दुसरी मारली आणि खोलीच्या मधोमध बसली. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि शेपूट जमिनीवर फट् फट् फट्. पाऊण मिनिट असेल. नंतर अंग झाडलं, मला बघितलं आणि जणू आत्ताच बाहेरून घरी आल्यासारखी अंगावर उड्या मारायला लागली.

हिचं मशीन थांबलं होतं.

"अहो," ही म्हणाली, "हिच्या डोक्यात काहीतरी झालंय."

त्या संध्याकाळी आम्हा दोघांचीही ताटं तशीच राहिली. गोटीने मात्र स्वतःचं खाल्लं, आमचंही खाल्लं.

३

कुत्र्यांच्या डॉक्टरबाई वयाने आम्हाला लेकीसारख्या. दवाखान्याची फरशी मात्र महाभयंकर. उतार उलटा आणि पाणी कोपऱ्यात साचलेलं. एरवी मी बोललो असतो. त्या दिवशी गोटीला घट्ट धरून उभा राहिलो.

त्यांनी गोटीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. कानात बघितलं. गुडघ्यांवर छोट्या हातोडीने टिचक्या मारल्या. मग तिचा एकेक पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. ठीक असलेलं कुत्रं तो लगेच सरळ करतं म्हणे. गोटीने पटापट सरळ केले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हुशार आहे पोरगी."

"मग झालंय काय तिला?" हिने विचारलं.

"झटके असतील, काकू. सगळे झटके हातपाय आखडणारे नसतात, काही असे गुपचूप येतात. कानातल्या तोलाचा बिघाड असेल. किंवा…" त्या थांबल्या.

"बोला," मी म्हणालो.

"मेंदूत गाठ असू शकते, काका. आत्ताच तसं म्हणत नाही मी. मोठ्या इस्पितळात स्कॅन करावा लागेल, चार आठवड्यांनी नंबर लागेल. तोवर गोळ्या सुरू करू, रोज दोन. आणि प्रत्येक झटका नीट लिहून ठेवा." त्यांनी एक छापील कागद दिला. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय करत होती, नंतर काय केलं. शेवटच्या रकान्यात होतं: त्या वेळी घाबरलेली, चिडलेली, की शांत?

"आनंदात असते हो," ही म्हणाली. "तेच तर कळत नाही. इतकी आनंदात ती आमच्याबरोबरही नसते."

डॉक्टरबाईंनी तो रकाना रिकामाच ठेवायला सांगितला. घरी येताना गोटी हिच्या मांडीवर झोपली. ही तिच्या कानात सारखं एकच पुटपुटत होती, "जाऊ नको हं बाळा आम्हाला सोडून." मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी आपला रस्त्याकडे बघत होतो.

४

आता माझा स्वभाव बघा. कागदावर वेळ लिहायची होती. पण माझ्या हातात पेन्सिल आली की घड्याळ डोक्यात येतच नाही, खोली येते. पहिल्याच दिवशी मी तो छापील कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर अकरा गुणिले चौदा चौकोन आखले आणि गोटी कुठे थबकते, कुठे वळते, कुठे बसते ते मांडायला लागलो. फरशीवर खडूने खुणा करायच्या आणि कागदावर उतरवायच्या. खरं सांगतो, बरं वाटायचं. हातांना काम असलं की जिवाला घोर कमी लागतो.

झटके वाढले होते. दुपारी हमखास दोन-तीन. पण ती कधीही, कुठूनही आली तरी उंबरा तिथेच. त्यानंतर पाच पावलं, मग डावीकडे. मग कशालातरी वळसा. चार फूट बाय अडीच फूट, कधी आत पाय टाकला नाही. त्याच्या पलीकडे तिची बसायची जागा. दहा दिवसांत कागदावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा झाल्या. मी पट्टी लावली आणि ठिपके जोडले.

खोली निघाली.

आमची नव्हे. आमच्या खोलीवर तिरकी ठेवलेली दुसरी खोली. तिची भिंत आमच्या भिंतीपासून दर चार फरश्यांमागे एक फरशी सरकत जात होती. एक कोपरा आमच्या टेबलाखाली यायचा, एक कपाटात. आणि एक बाजू आमच्या बाहेरच्या भिंतीतून सरळ पलीकडे जात होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्या भिंतीपलीकडे हवा आहे, बाकी काही नाही. गोटी तिथे जाऊन भिंतीला नाक लावून शेपूट हलवायची, आता कोणी दार उघडेल अशी.

मी स्वतःला समजावलं: अरे, आजारी डोकं आहे, सवयीने त्याच त्याच जागी फिरतं. ठिपके जोडले की माणसाला आकाशातही रेडा दिसतो. उगाच राईचा पर्वत करू नकोस. आणि मग, कशाला ते विचारू नका, मी काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या आणला आणि खडूच्या खुणांच्या कोपऱ्याला लावला.

केसाचा फरक नव्हता. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. तोही काटकोन.

मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो. चाळीस वर्षांत मलाही गुण्या न लावता पहिल्या फटक्यात असा काटकोन साधला नाही, आणि एका आजारी कुत्रीच्या पावलांना तो साधला होता.

५

"काका," डॉक्टरबाई कागद बघून म्हणाल्या, "मी 'केव्हा' ते विचारलं होतं. तुम्ही 'कुठे' ते लिहून आणलंत."

"चुकलं माझं."

"चाळीस कुत्र्यांचे कागद आहेत माझ्याकडे. नकाशा पहिलाच." त्या खळखळून हसल्या. ही पण हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? काटकोनाचं मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी छोटी हातोडी माझ्याच गुडघ्यावर चालवली असती.

गोळीचा डोस वाढवला. "लगेच फरक नाही दिसणार. तोवर तिला लागू देऊ नका. नाक बघा किती सुजलंय."

६

नाकाचाच प्रश्न होता. उशा बांधून बघितल्या टेबलाच्या पायांना, त्या तिने खेळणं समजून फाडल्या. शेवटी ही म्हणाली, "तुमचा तो नकाशा कशाला आहे मग? तिला टेबल आडवं येतं ना? तर टेबल हलवा. घर काय आपल्या बापजाद्यांनी आखून दिलंय?"

एका सकाळी आम्ही दोघं कंबर कसून लागलो. टेबल उचललं आणि जिथे ती चार बाय अडीचला वळसा घालायची, बरोबर तिथे ठेवलं. बसलं चपखल. कपाट तिरकं ओढलं. दोन खुर्च्या बाहेर काढल्या. सगळं सामान भिंतीला सोडून आपल्याच धुंदीत उभं. मशीनसुद्धा खिडकीपासून सरकलं, तर ही कुरकूर करायची सोडून म्हणाली, "अगंबाई, इथे उजेड जास्त चांगला येतोय की."

कोट न्यायला आलेले एक गृहस्थ दारातच थांबले. "काय हो, भूकंप झाला का?"

"नाही," ही म्हणाली, "कुत्रीच्या पसंतीने घर लावलंय."

आणि गोटी! काय सांगू तुम्हाला. एकदाही आपटली नाही. टेबलाला झोकात वळसा घालायची, जागेवर बसायची, हनुवटी वर करून डोळे मिटायची. चेंडू खेळायला लागली, पुन्हा गादी पळवायला लागली. आम्ही तिच्यामागे धावायचो. साठी उलटलेली दोन माणसं तिरक्या टेबलाभोवती शिवाशिवी खेळतायत, बघणाऱ्याने काय म्हणावं? ते पंधरा दिवस आमच्या लग्नानंतरचे सगळ्यात मजेचे दिवस होते. भांडायचं राहूनच गेलं. हिला साधा आवाज चढवायचाही आठवला नाही.

उंबऱ्यावर पाय उचलायचा हा खेळच होता आधी. गोटी उचलते म्हणून आम्ही उचलायचो. मग एकदा ही इस्त्रीचे कपडे हनुवटीपर्यंत धरून स्वयंपाकघरातून आली. पुढचं काही दिसत नव्हतं तिला. खडू कधीच पुसला गेला होता, गोटी झोपली होती. नवव्या फरशीनंतर हिने पाय उचलला, पलीकडे ठेवला. दुसरा उचलला, पलीकडे ठेवला.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि मला हसू यायला लागलं. कारण नसताना, पोटातून. ते थांबवायला मला बराच वेळ लागला.

७

त्याच आठवड्यात मी एका घरी स्वयंपाकघर करत होतो. नवी पांढरी फरशी. एका दिवसात ओट्यापासून दारापर्यंत बसवून झाली. उठलो, गुडघ्यावरच्या गाद्या सोडल्या आणि दारात उभा राहून बघितलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी यावं असं.

घरमालकीण मागून आल्या आणि किंचाळल्याच. "अहो, हे काय केलंत?"

सगळी फरशी तिरकी होती. दर चार फुटांमागे एक फूट. दाराशी मी फरश्या तशाच कापून बसवल्या होत्या, कडा काळजीने घासल्या होत्या, आणि कुठेही मला वाटलं नव्हतं की काही चुकतंय. ओळ सरळ धरायची लाइनदोरी मीच बांधली होती.

"बाई, चुकलं. उखडून पुन्हा करून देतो," मी म्हणालो. लाजेने मान खाली जायला हवी होती. पण मी हे बोलताना हसत होतो. त्या बाई दोन पावलं मागे सरकल्या, तरी मला हसू आवरेना.

घरी येताना मात्र रस्त्यात एकदा थांबलो. वाटलं, डॉक्टरबाईंना सांगावं. मग दार उघडलं, गोटी अंगावर झेपावली आणि राहूनच गेलं.

८

स्कॅनच्या दिवशी ही बाहेरच्या बाकावर माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की तिची नखं उमटली. तासाभराने डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. मोठ्या इस्पितळात त्या खास आमच्यासाठी आल्या होत्या. तोंड बघूनच कळलं.

"गाठ नाही. सूज नाही. काही नाही!" त्या म्हणाल्या. "गोळ्या लागू पडल्यात. गेल्या चार दिवसांत एकतरी झटका आला का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच आला नव्हता. आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी गोटीला लांब ओसरीच्या एका टोकाला सोडलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन चुटकी वाजवली. गोटी निघाली. फरशीच्या सांध्यावरून, सरळ, मान सरळ, नजर सरळ. चाळीस फूट. हिने डॉक्टरबाईंना मिठी मारली, मग मला मारली, मग एका अनोळखी वॉर्डबॉयला मारली. माझा जीव भांड्यात पडला. येताना आम्ही सगळ्या वाटेने जुनी गाणी म्हटली, बेसूर, आणि गोटीने साथ दिली.

"आता घर पहिल्यासारखं लावा," निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "तिला जुनी सवय लागू दे. पुढच्या गोळ्या मी घेऊन येते मंगळवारी, त्याच बाजूला यायचंय मला."

९

रविवारी आम्ही सामान जागच्या जागी नेलं. टेबल, कपाट, मशीन. भिंतीला भिंत मिळाली, काटकोनाला काटकोन. गोटीने एक चक्कर मारली, सगळं हुंगलं आणि उंबरा न ओलांडता, चौदा फरश्या पार करत पुढच्या दाराशी गेली.

हिने टाळ्या वाजवल्या, पुढे झाली आणि टेबलावर धाडकन आदळली.

"सवय," ती मांडी चोळत म्हणाली.

"पंधरा दिवसांची," मी म्हणालो, आणि कपाटावर आपटलो.

काय हसलो आम्ही! सोमवारपर्यंत दोघांच्या नडग्या निळ्या. मी वळून बघायचो तर टेबल दिसायचं, स्पष्ट दिसायचं. पण पाय त्याला मानत नव्हते. मला कळत होतं बरं का. अगदी शांतपणे कळत होतं की हे बरोबर नाही, की गोटीचंही असंच सुरू झालं होतं, की उद्या डॉक्टरबाई येतील तेव्हा कागद उलटा न करता, रकान्यांत, वेळ घालून त्यांना सगळं सांगायला हवं. घाबरायला हवं हेही कळत होतं. फक्त भीती येत नव्हती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी होतं, शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं.

मंगळवारी सकाळी, साडेदहाच्या सुमाराला मी पुढच्या दाराशी चपला घालत होतो. दार उघडं होतं. ही चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. नवव्या फरशीशी तिने पाय उचलला. मी म्हणालो, "जपून, टेबल." ती डावीकडे वळली. टेबलाला लागली नाही. टेबल तिथेच होतं आणि ती त्याला लागली नाही.

मग मला बाहेरच्या भिंतीचा कोपरा दिसला आणि कोपऱ्याशी तिच्या कपातली वाफ. फक्त वाफ.

"अहो," तिचा आवाज आला. जवळून आला, भिंतीपलीकडून, जिथे दोन मजले खाली रस्ता आहे. "अहो, या ना इकडे. किती छान आहे हे! चहा निवतोय."

मी उठलो. त्याच वेळी कुणीतरी माझी पँट धरली. गोटी होती. पँटची कड दातांत धरून, चारी पाय फरशीवर रोवून ती मागे ओढत होती. एवढंसं कुत्रं, तिची नखं फरशीवर करकरत होती. गुरगुरत नव्हती. तिने मान तिरकी केली होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. महिनाभर आम्ही दोघं तिच्याकडे तसंच बघत होतो.

"सोड गं वेडे," मी म्हणालो. "चल तूही." मी तिला उचलून काखेत घेतलं, उंबऱ्याशी गेलो आणि पाय उचलला.

पलीकडे टेकवला तेव्हा काख रिकामी होती.

१०

इथलं फार सांगणार नाही. उजेड छान आहे, हे खरं. भिंती काटकोनात आहेत. गोटी जिथे हनुवटी वर करून बसायची, तिथे समोरच कुणीतरी बसायची एक जागा आहे, आणि ती रिकामी नव्हती. एवढंच पुरे.

इथून आमची खोली दिसते. तिरकी दिसते, पण दिसते. डॉक्टरबाई अकरा वाजता आल्या. "काका? काकू?" त्यांनी हाका मारल्या. उघडं दार बघितलं, दाराशी माझी एक चप्पल बघितली. सगळ्या खोल्या बघितल्या. खिडकीतून खाली वाकून बघितलं, दोनदा. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही ओ दिली. मोठ्याने दिली.

गोटी आम्हाला शोधत होती. मशीनखाली, टेबलाखाली, दारामागे. मग नाक जमिनीला लावून ती निघाली आणि नेमकी आमच्याकडे आली. नवव्या फरशीशी पोचली. ही खाली बसली, हात पसरले, "ये माझी राणी, ये." मी म्हणालो, "उचल पाय, गोटी. उचल."

तिने नाही उचलला. तिथे सपाट फरशी होती आणि ती सपाट फरशीवर चालतात तशी चालत आली, हिच्या हातांमधून, माझ्या पावलांवरून. तिची नखं मला लागली नाहीत. डॉक्टरबाईंच्या गोळ्या फार गुणाच्या.

"बरी चालतेय ना हो?" हिने विचारलं.

मी नीट बघितलं. ते काम मला येतं. दहावी फरशी, अकरावी, बारावी. सांध्यावरून पाऊल ढळलं नाही.

"एकदम सरळ," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि फोनवर कुणाशीतरी घाईघाईने बोलत जिना उतरल्या. गोटी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती, आमच्या रिकाम्या खोलीकडे. ती ओरडत होती. असं ओरडताना आम्ही तिला कधी ऐकलं नव्हतं. मग खालचं दार लागलं आणि आवाज तुटला.

हिने डोळ्यांना हात लावून बघितला. कोरडे होते. माझेही.

"अहो, ती गेली," ही म्हणाली. "आपली गोटी गेली. रडूया ना थोडं."

आम्ही समोरासमोर बसलो आणि प्रयत्न केला. बराच वेळ केला. हसूच आलं.